रोह्याच्या गणपतीची नजर

२७ सप्टेंबर १९९६, शुक्र. पेण

काल अनंत चतुर्दशी झाली. कारखाना रिकामा. फळीवर न खपलेल्या चार-सहा लहान मूर्ती तेवढ्या. आज नऊपर्यंत झोपले. सासूबाई असत्या तर बातमी वाशी नाक्यापर्यंत गेली असती.

दुपारी चहा पिताना हे म्हणाले, "चल गो, आठ दिवस फिरून येऊ. अलिबाग, काशीद, मुरूड, जंजिरा. येताना रोहा."

मी बशी खालीच ठेवली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. आजवर मला फिरायला नेलं ते देवाला, नाहीतर रंगाच्या दुकानात.

"पितृपक्षात कोण फिरतं?"

"मग कधी फिरायचं? दसऱ्यापासून परत माती. बाबांचं अमावास्येला हाय, तोवर घरी."

येताना रोहा म्हणाले, ते मात्र मला आवडलं नाही.

२८ सप्टें., शनि.

रोह्याचं प्रकरण (यापुढे रो.प्र.) लिहूनच टाकते. कुणाला सांगायची सोय नाही.

हरतालिकेच्या आदल्या दिवशी. रोह्याच्या साळवीकाकू, आमच्या ताईच्या शेजारीणबाई, त्यांचा दीड फुटी गणपती. दरवर्षी आमच्याकडूनच जातो. हे आखणीला बसले. आमच्याकडे डोळे फक्त हेच काढतात. मी अंगाचा रंग, सोवळं, दागिने, उंदीर, सगळं करते, पण डोळे यांचे. आधी मामंजींचे होते. आखणी झाली, यांनी "झाला" म्हटलं आणि जेवायला वर गेले. मी कागदात गुंडाळायला घेतला आणि बघते तर डावं बुबुळ नाकाकडे सरकलेलं. तिरळा बाप्पा! साळवींची गाडी दारात उभी.

ओल्या फडक्यानं दोन्ही डोळे पुसले. पांढरा दिला. यांचाच बारीक ब्रश घेतला आणि काढले. हे हात धुऊन खाली आले तोवर मूर्ती कागदात.

त्याच संध्याकाळी यांनीच विचारलं, "रोह्याचा डावा बरोबर आलेला ना गो?" मी म्हटलं, होता की. तेव्हापासून पाच वेळा विचारून झालंय. म्हणजे यांना शंका आहे. मूर्ती तर कुंडलिकेत विरघळली. राहिला फोटो. साळवी दरवर्षी काढतात. तो बघायला चाललेत, फिरायला नाही.

मीही काही साधी नाही. अलिबागला डोळ्यांचे डॉक्टर आहेत, ताईनं नाव दिलंय. मंगळवारी बसतात. मोतीबिंदू असणार, मला वर्षभर दिसतंय. सुईत दोरा मी ओवते, पेपर हातभर लांब धरतात, आणि वर "हल्ली छपाई खराब करतात." डॉक्टरचं नाव काढलं की मामंजींचा डोळा पुढे करतात. शिबिरात ऑपरेशन झालं आणि डोळा गेला. पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. पण यांच्या डोक्यात कालची.

३० सप्टें., सोम. वडखळ, मग अलिबाग

स्कूटरवरून निघालो. मी पंजाबी ड्रेस घातला, नंदूचा आग्रह. नंदू आमचा मुलगा, डोलवीला कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर. रात्रपाळी करून आला होता, दारात उभा राहून हसत होता. "आई, हीरोईन!" गाढव.

वडखळ नाक्यावर म्हैस. एवढी काळी म्हैस, भर रस्त्यात, भर उन्हात. मला दिसली, पोरांना दिसली, यांना नाही दिसली. मी ओरडले तेव्हा ब्रेक. दोघं आडवे. गुडघा सोलला माझा, यांचं कोपर. म्हैस जागची हलली नाही.

"ऊन डोळ्यावर आलं."

"ऊन पाठीमागं आहे," म्हटलं.

स्कूटर ओळखीच्या पानवाल्याकडे ठेवली. आमची मोठी सफर आठ किलोमीटरची झाली. पुढे एस.टी. एस.टी.त हे खिडकीशी बसून चणे खात होते, माझ्या गुडघ्याकडे बघत नव्हते.

१ ऑक्टोबर, मंगळ. अलिबाग

ओहोटीला कुलाबा किल्ल्यात चालत गेलो. चप्पल हातात, पाणी घोट्यापर्यंत. खूप बरं वाटलं. हे मात्र आतल्या गणपतीसमोर बसले ते उठेनात. अगदी जवळ जाऊन डोळे बघत होते. पुजारी म्हणाला, काय हरवलंय का? मीच म्हटलं, आमचा धंदा आहे. मग त्यानं आणखी पुढे बसू दिलं.

परत येताना दवाखान्याच्या रस्त्यानं नेलं. पाटी यांना वाचता आली नाही म्हणून पायरीपर्यंत पोचलो. पायरीवर औषधाचा वास आला आणि ओळखलंच.

"मंदे, सुट्टीत डॉक्टर?"

"पाच मिनिटं."

"बाबांना पण पाच मिनिटंच सांगितलेली."

आणि चालू पडले. मी मागून पिशव्या घेऊन. भर रस्त्यात भांडलो. मी म्हटलं, तुम्हाला म्हैस दिसत नाही, बाप्पाचं बुबुळ काय दिसणार! बोलून गेले आणि जीभ चावली. रो.प्र. तिथंच फुटलं असतं. रात्रीचं जेवण मुकाट्यानं. सुरमई चांगली होती, तीही मुकाट्यानं.

३ ऑक्टो., गुरु. काशीद

खडकात ओहोटीचं पाणी साचतं, काचेसारखं नितळ. तिथं मुंबईचं एक जोडपं, नवीन लग्न. डोळ्यांवर रबरी चष्मा, तोंडात नळी, पाण्यात पालथे. मला वाटलं बुडाले. हे धावले वाचवायला! पोरगं खो खो हसलं. मग त्यानंच यांना चष्मा लावून दिला.

पुढचा अर्धा तास माझा नवरा हाफ पँटमध्ये, पालथा, नळीतून फुसफुस. मी खडकावर बसून चिवडा खाल्ला. लाजही वाटत होती, हसूही येत होतं. वर आले ते तोंडभर हसत. सव्वीस वर्षांत इतकं हसताना दोनदा पाहिलं असेन.

"मासा आला गो अगदी नाकाशी. पिवळा, त्यावर पट्टा. डोळा बघितला त्याचा. गोल. पापणीच नाय."

"बरं."

"पाण्यात सगळं मोठं दिसतं. हे लावून आखणी करायला पायजे."

हसले मी. यांनी पहिल्यांदा कबूल केलं, तेही नळी हातात धरून.

मलाही लावायला लावला चष्मा. एक खेकडा दिसला. बास झालं मला.

४ ऑक्टो., शुक्र. मुरूड

राजपुरीहून शिडाच्या होडीनं जंजिऱ्याला. होडीवाला म्हातारा, म्हणाला, "बसा गो बाय, वारा हाय तवर हाय." मध्येच वारा पडला. होडी जागच्या जागी. वीस माणसं आणि एक बोकड, सगळे गप्प बसून. कुणालाच घाई नव्हती. हे माझ्या खांद्याला टेकून झोपले. मी हललेच नाही.

किल्ला मोठा आहे. पाय दुखले. तोफेवर बसून दोन संत्री खाल्ली.

संध्याकाळी समुद्राकडे बघत हे म्हणाले, "आणखी एक दिवस राहू इथं." उद्या रोहा ठरलं होतं. म्हणजे यांनाही भीती वाटते. मलाही. फोटोत माझे डोळे आहेत. तिरळे नाहीत, पण माझे आहेत. कळलं तर काय करतील? सांगून टाकावं, असं तीनदा मनात आलं. तिन्ही वेळा दुसरंच काही बोलले. एकदा तर मिठाचा भाव विचारला.

६ ऑक्टो., रवि. रोहा

दु. पोचलो. भावोजी एस.टी. स्टँडवर आले होते. ताईनं वालाचं बिरडं केलं होतं. हात धुतले नाहीत तोच हे म्हणतात, "साळवीकडं जाऊन येतो." ताई म्हणाली, "जेवा तरी!" जेवले. काय जेवले ते विचारलं तर सांगता आलं नसतं.

साळवीकाकू दारातच. "आलात व्हय! अहो, यंदा काय गणपती केलात हो! आळीतली माणसं बघायला आली. कुठंबी उभं राहा, आपल्याकडंच बघतोय. आमचा धाकटा नातू तर घाबरला, म्हणतो आजी, बाप्पाला सगळं कळतं."

मी जमिनीकडे बघत. फोटो आणला काकूंनी, फ्रेम करून. हे खिडकीशी गेले. लांब धरला. जवळ धरला. एक डोळा मिटून बघितला, मग दुसरा मिटून. काकू कौतुकानं बघत होत्या. मग फ्रेम धोतराच्या सोग्यानं पुसली आणि परत दिली.

"चांगला आलाय," म्हणाले.

"पुढच्या वर्षी असेच डोळे हवेत हं," काकू.

"सांगतो," म्हणाले. करतो म्हणाले नाहीत.

तिथून नदीवर गेलो. घाटावर बसलो. कुंडलिकेला पाणी भरपूर होतं.

७ ऑक्टो., सोम. रोहा-पेण गाडीत, मग घरी

पॅसेंजर मोकळी होती. समोरासमोर बसलो. नागोठणं गेलं तेव्हा बोलले. बाहेर बघत.

"माझा गणपती खाली बघतो. पाटावर बसलेल्या माणसाकडं. बाबांचा पण खालीच बघायचा. हा समोर बघतो."

मी पिशवीचे बंद नीट केले.

"कधी केलंस?"

"तुम्ही जेवायला वर गेलात तेव्हा."

"माझा डावा चुकलेला?"

खोटं बोलणार होते. नाही बोलले. "व्हय. नाकाकडं."

डबा हलत होता. त्यांचे डोळे भरले होते आणि ते पुसत नव्हते, म्हणजे मला दिसू नये असं नव्हतं. मलाही रडू आलं. पलीकडची बाई शेंगा सोलायची थांबली.

"एका बैठकीत केलेस?" एवढंच विचारलं. यांचा, त्याआधी मामंजींचा दंडक. उजवा काढला की डावा झाल्याशिवाय उठायचं नाही. घराला आग लागली तरी. एका डोळ्याचा देव ठेवून माणसानं उठू नये.

"एका बैठकीत. उठले नाही."

"मग ठीक हाय."

पेण आलं. पिशव्या यांनी उचलल्या, दोन्ही.

१२ ऑक्टो., शनि. अमावास्या

मामंजींचं पान वाढलं. कावळा लगेच आला. हे म्हणाले, "बाबांना राग नाय म्हणजे." कशाचा ते मी विचारलं नाही. स्कूटर नंदू वडखळहून घेऊन आला, आता तोच वापरतो. यांनी मागितली नाही.

डॉक्टरचं काढून बघितलं. "बघू दिवाळीनंतर." दिवाळीनंतर म्हणतील संक्रांतीनंतर. ओळखून आहे.

२१ ऑक्टो., सोम. दसरा

ब्रश, माती कोरायचे पत्रे, साचे, सगळ्यांची पूजा. हळद-कुंकू, झेंडू. पूजा झाल्यावर हे फळीवरची सहा इंची मूर्ती घेऊन आले, अजून डोळे न काढलेली. माझ्यासमोर ठेवली. बारीक ब्रश माझ्या हातात दिला. नंदू बघत राहिला.

"काढ. माझ्यासमोर. समोर बघणारे नकोत. खाली बघणारे काढ, शिकवतो."

सव्वीस वर्षं वाट बघितली असं म्हणणार नाही, वाट बघायची असते हेच ठाऊक नव्हतं. हात धुऊन बसले. हे मागून सांगत होते, पापणी जाड नको, बुबुळ खाली, आणखी खाली, हां. उजवा डोळा सुरेख झाला. खाली बघणारा. अगदी मामंजींचा.

मी ब्रश पाण्यात टाकला आणि उठले.

"अगो! डावा?"

"डावा अलिबागहून आल्यावर."

"मंदे, असा ठेवायचा नसतो!"

"मग चला. उद्या मंगळवार आहे."

"तू हे मुद्दाम..."

"व्हय. मुद्दाम."

देवा, क्षमा कर. दुसरा उपाय मला सुचत नव्हता.

दिवसभर कारखान्यात येरझाऱ्या. मूर्तीवर फडकं टाकलं, काढलं, परत टाकलं. एकदा स्वतःच ब्रश घेऊन बसले. मी दारातून बघत होते. ब्रश टेकवलाच नाही त्यांनी. दोन मिनिटं हवेत धरला आणि ठेवून दिला. तेव्हा मला वाईट वाटलं, जाऊन डावा काढून टाकावासा वाटला. नाही काढला.

जेवले आणि उठले. पण पांढरा सदरा खुंटीला लावलेला दिसला. तो उद्यासाठी की नुसताच, कोण जाणे. अलिबागची पहिली गाडी सव्वासहाला. गजर पाचचा लावलाय. त्यांना सांगितलं नाही.