शेड शेहेचाळीस, भट्टी शेहेचाळीस

मी, कु. रुचिका प्रभाकर ताकसांडे, वय २६ वर्षे, राहणार कारंजा (घाडगे), जिल्हा वर्धा, व्यवसाय नोकरी (भट्टीच्या तापमानाची नोंद ठेवणे), हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे, मला औषधाची गुंगी नाही आणि आज माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणण्यात आला होता. त्याविषयी कलम चारमध्ये.

गेल्या महिन्यात भट्टीतली तप्त हवा श्वासाबरोबर आत गेल्याने माझी श्वासनलिका आकसली आहे व आवाज गेला आहे. येत्या गुरुवारी शस्त्रक्रिया आहे. धोका किती, असे मी पाटीवर लिहून विचारले, तेव्हा डॉक्टरांनी आकडा सांगितला नाही, चष्मा पुसला. कारखाना निरीक्षकांपुढील चौकशी त्यानंतरच्या मंगळवारी आहे. तिथे मी नसेन, तर हा कागद माझी साक्ष समजावा. मुख्य कारण तेच. मालमत्ता फारशी नाही.

कलम एक. माझी सर्व पुस्तके धाकटी बहीण काजल हिला द्यावीत. भौतिकशास्त्राच्या पुस्तकांच्या समासात मी मराठी प्रतिशब्द लिहिले आहेत, ते खोडू नयेत. दहावीला केंद्रात पहिली आल्याबद्दल मिळालेली ढाल मात्र आत्याकडे पाठवावी. “मराठी शाळेतली पोरगी, विंग्रजीत तोंड उघडन का?” असे ती भर पंगतीत म्हणाली होती. तिचे म्हणणे अर्धे खरे होते. मी मराठीतही फारसे तोंड उघडत नसे. दर तासाला आकडा लिहायचा, कोणाशी बोलायचे नाही, म्हणूनच मी ही नोकरी घेतली.

कलम दोन. शेडच्या भिंतीवरचा तापमापक कारखान्याचा नाही, माझा आहे. तो उत्पादनप्रमुख श्री. अनुप यांना द्यावा. त्यांनी तो आपल्या वातानुकूलित खोलीत लावावा आणि रोज सकाळी पाहावा.

कलम तीन. दिनांक १४ मे २०२५ च्या नोंदपत्रकाची माझ्या सहीची कार्बन प्रत कै. कवडू कुमरे यांच्या पत्नी सीताबाई यांना द्यावी. ती माझी मैत्रीण मयुरी हिच्याकडे आहे. प्रत काय सांगते, ते इथे स्पष्ट करते.

आमच्याकडे पोलाद कारखान्यांसाठी अग्निरोधक विटा भाजल्या जातात. भट्टी तेराशे अंशांपर्यंत तापवून मग कित्येक दिवस थंड करतात. पन्नासच्या खाली आल्याशिवाय माणसाने आत जायचे नाही. दोन वेगळ्या धातूंच्या तारा छतातून आत सोडलेल्या असतात. त्या एकमेकींना जिथे टेकतात, तिथले तापमान मीटर दाखवतो. त्या दिवशी तारांवरचे वेष्टन भट्टीबाहेरच वितळले आणि तारा शेडमध्येच एकमेकींना चिकटल्या. मीटर भट्टीचे नव्हे, शेडचे तापमान दाखवू लागला.

पत्रकात सकाळी दहाला भट्टी २१४, शेड ४५ आहे. अकराला भट्टी ४६, शेड ४६. दोन्ही आकडे माझ्या अक्षरात शेजारी शेजारी आहेत. भट्टी तासाभरात सात-आठ अंशांपेक्षा अधिक उतरत नाही, हे मला ठाऊक होते. मी अनुप सरांच्या दारात जाऊन म्हटले, “सर, हा आकडा बरोबर वाटत नाही.” ते फोनवर होते. म्हणाले, “मीटर दाखवतो ते लिहा. मॅडम, तुम्हाला लिहायला ठेवलं आहे, वाटायला नाही.” मी लिहिले आणि सही केली.

भाजलेल्या विटा बाहेर काढणारे कवडूभाऊ भट्टीशी उभे होते. एकोणीस वर्षे ते आत जाण्याआधी काठीला ओले पोते बांधून आत धरत. पोत्यातून वाफ निघाली, की थांबत. मी नोकरीला लागल्यावर त्यांनी ते सोडले. “बाईच्या वहीपुढं पोत्याचं का काम?” असे ते सगळ्यांना सांगत आणि मला त्याचा अभिमान वाटे. त्या दिवशी त्यांनी विचारले, “बाई, जाऊ का?” मी म्हटले, “शेहेचाळीस आहे.” ते हसून म्हणाले, “भाहेर बी शेचाळीस, अंदर बी शेचाळीस. मंग अंदर सावली तरी हाये!”

माझी चूक त्यांनी मोठ्याने उच्चारली होती. मी विनोद समजून हसले.

दाराशी पंख्याची हवा असल्याने सुरुवातीला काही जाणवत नाही. विटांच्या थप्पीमागे गेल्यावर त्यांचा आवाज आला, मग आला नाही. मी आत गेले आणि त्यांचा एक पाय माझ्या हाती लागला. पुढे दोघा कामगारांनी आम्हाला ओढून काढले. कवडूभाऊ त्याच दुपारी वारले.

माझ्या बँकेतील शिल्लक मी सीताबाईंना देऊ केली होती. त्या इथे रुग्णालयात येऊन पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “तुह्या हातचं मले काई नको. कारखान्यावाल्याईनं कागदावर लिवलं, का माहा मानूस दारू पिऊन, न इचारता घुसला. त्यानं जिंदगीत थेंब नाई घेतला. तो इचारून गेलता, येवढं लिहून दे.” म्हणून लिहिते: ते विचारून गेले. मला विचारून गेले.

कलम चार. श्री. अनुप २ जून रोजी शहाळे घेऊन आले. त्यांच्या हातात माझ्या नावाचा तयार जबाब होता: अकराची नोंद घेतलीच नव्हती, मृत इसम परवानगीशिवाय आत गेला. मूळ पत्रक बदलले गेले आहे, हे मला तेव्हा कळले. ते म्हणाले, “सही केली की तुम्ही पण मोकळ्या. तुमचे बाबा फाटकावर आहेत ना आपल्या?” ते दुष्ट आहेत असे मी लिहिणार नाही. ते घाबरले होते. मी सही केली नाही. माझा दोष त्यांच्याइतकाच आहे आणि चौकशीत तो तसाच धरला जावा.

बाबांना हे मान्य नव्हते. पंधरा दिवस ते एकच बोलत होते: “कवडू त गेला. आता तू काऊन सोताले त्याच्यात टाकून राह्यली?”

कलम पाच. आईच्या मागे माझ्या नावावर झालेली कारंजा येथील दोन खोल्यांची जागा मी वडील श्री. प्रभाकर ताकसांडे यांना देत आहे.

कलम पाचमध्ये दुरुस्ती. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, असे वकिलांनी आम्हाला सांगितले होते. पहिली मयुरी. शेजारच्या खाटेवरील रुग्णाचे भाऊ तयार झाले होते, पण कारखान्याचे नाव वाचून त्यांनी पेन परत दिले. त्यानंतर बाबांनी कागद मागून घेतला व बोट ठेवून सगळा वाचला. कलम तीन त्यांनी दोनदा वाचले. मग म्हणाले, “ज्याले काई भेटते त्यानं साक्ष करू नये, असं म्हने ना तो वकील?” मी मान हलवली. “मंग माहं नाव काट. जागा काजलले दे.” मी पाटीवर लिहिले, ‘बाबा, नोकरी जाईल.’ ते म्हणाले, “वाचता येते मले. काट.”

त्यांच्या सांगण्यावरून कलम पाच रद्द करते. जागा काजलला द्यावी.

वर लिहिलेले सर्व मी स्वतः लिहून पुन्हा वाचले आहे आणि साक्षीदारांसमक्ष सही करीत आहे.

ठिकाण: रुग्णालय, वर्धा
दिनांक: मंगळवार, १७ जून २०२५

(सही) रुचिका प्रभाकर ताकसांडे

साक्षीदार १: (सही) मयुरी नगराळे, वय २६, ग्रंथपाल, राहणार कारंजा (घाडगे)

साक्षीदार २: (सही) प्रभाकर गोविंदराव ताकसांडे, वय ५७, राहणार कारंजा (घाडगे). व्यवसाय, त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिल्याप्रमाणे: ‘पहारेकरी, त्याच कारखान्याच्या फाटकावर, आजच्या दिवसापर्यंत.’