सरासरीत एकाचा फरक

३ जून

ती. आत्यास सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक. आईचा खोकला गेला, कुरकुर आहे.

ऑफिसात सध्या पुढच्या वर्षाचं उद्दिष्ट ठरतंय. आमच्या विभागातल्या रस्त्यांवर किती मृत्यूंच्या आत राहायचं, याचा आकडा. ऐकायला वाईट वाटतं, पण कोणत्या रस्त्याला आधी पैसा द्यायचा ते त्यावरूनच ठरतं. आकडा पाच वर्षांच्या सरासरीचा असतो. एक गोष्ट मला अजून पचलेली नाही. दर वर्षी माणसं वेगळी, रस्ते वेगळे, चुका वेगळ्या, आणि बेरीज साठाच्या आसपास. कोणी ठरवत नाही, तरी येते. तक्ता समोर आला की मी पेन खाली ठेवते.

एकच वर्ष सत्तरचं होतं. ते आता पाच वर्षांच्या बाहेर जाईल आणि सरासरी बासष्टवरून आपोआप साठवर येईल. साहेब खूश आहेत. साठच लिहा म्हणतात, हातपाय न हलवता उद्दिष्ट पूर्ण. त्या सत्तरांत बाबा आहेत.

माझा हिशेब एकोणसाठ म्हणतो. सरासरीत एक कमी म्हणजे येत्या वर्षात पाच माणसं कमी. त्यासाठी तुझ्या दुकानासमोर केलं तसं पायी ओलांडायचं क्रॉसिंग आणखी वीस ठिकाणी रस्त्यापेक्षा उंच करावं लागेल, म्हणजे गाड्या हळू होतात. आकडा चुकला तर निधी कुठे वापरायचा हे आमच्या हातात राहणार नाही. पुढच्या गुरुवारी तो मंडळापुढे मांडायचा आहे. एकोणसाठ हिशेबातून आलंय की माझ्यातून, मला कळत नाही. तुला काही वाटलं तर लिही.

तब्येत सांभाळ आणि मला मनात ठेव.

तुझी भाची


८ जून

चि. कंपासपेटीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र म्हणजे विजेचं बिल. माणसाने लिहिलंय हे शेवटच्या ओळीत कळतं.

तुझ्या बाबाचं वाचून आधी हसू आलं, मग रडू. जन्मभर कुठूनही वेळेवर निघाला नाही, तुझ्या सरासरीतून मात्र नियमाने निघतोय! जाऊ दे त्याला.

हिशेबातलं मला कळत नाही, बघितलं ते सांगते. ते क्रॉसिंग उंच केलं तेव्हा मीच आरडाओरडा केला होता, ट्रक आदळतात नि शिलाई मशीनची सुई हलते म्हणून. परवा आमचे रिटायर्ड हेडमास्तर रस्त्याच्या मधोमध थांबले आणि वाकून बुटाची नाडी बांधू लागले. उतारावरून ट्रक आला. माझा पाय मशीनवरच गोठला. ट्रक क्रॉसिंगच्या अलीकडे हळू झाला, थांबला. ड्रायव्हर मान पुसत बसून राहिला. मास्तरांनी दुसरी नाडीही बांधली आणि गेले. काय टळलं त्याचा मास्तरांना पत्ता नाही, ड्रायव्हरलाही नाही. इतकी वर्षं त्या खिडकीत बसते मी, पण काहीच न घडताना पहिल्यांदा बघितलं. गिऱ्हाइकाची बाही उलटी शिवून ठेवली.

काय ते तू ठरव. पण स्वतःवर संशय घेणं सोड, ते काम करायला आम्ही मोठे आहोत. आईला विचारलंय म्हणून सांग. माया आहेच, ती मागावी लागत नाही.

तुझी आत्या


१५ जून

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी तक्ता पुन्हा उघडला. बाबांचं वर्ष काढलं, तुझ्या दुकानासमोरचं क्रॉसिंगही काढलं, आणि आधी सुधारलेल्या बाकीच्या ठिकाणांवरून हिशेब पहिल्यापासून केला. वाचणारी माणसं पाचच आली. मग मला झोप लागली.

बैठकीत साहेबांनी आधीच जाहीर केलं की आकडा चुकला तर या बाईंचा, जमला तर ऑफिसचा. सगळे हसले, मीही. मग मंडळातल्या एका वयस्कर बाईंनी विचारलं, ही पाच माणसं कोण. मी म्हटलं, ते कधीच कळणार नाही, आपल्याला नाही आणि त्यांनाही नाही. त्या वयस्कर बाईंनी चष्मा काढला आणि चष्म्यासकट हात वर केला. मग बाकीच्यांचे हात वर आले. एकोणसाठ मंजूर झालं.

घरी येताना फुटपाथवर एका बाईचा धक्का लागला. चूक तिची, आणि डोळे फुटलेत का म्हणून झापलं मला. मी नेहमीसारखं उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि दिलं नाही. ती बडबडत गर्दीत शिरली. दिसेनाशी होईपर्यंत मी तिच्याकडे बघत उभी राहिले. त्या पाचांतली ती असू शकते.

असाच जीव लावत राहा.

तुझी भाची