काठी पडते ती जागा

प्रिय चिमणे,

तुला आशीर्वाद आणि एक गालगुच्चा. तुझं पत्र आलं तेव्हा मी भांडी घासत होते, साबणाच्या हातानंच फोडलं, म्हणून त्याचा एक कोपरा पुसट झालाय. शनिवारी तुम्ही आजोबांचं गाणं वाजवणार, आणि ड्रमवर तू! मला इतका आनंद झाला की खिडकीतून शेजारच्या शिंपीणबाईंना हाक मारून सांगितलं. त्या म्हणाल्या, मुलीच्या जातीला ते बडवणं शोभतं का. मी म्हटलं, तुमचं मशीन काय कमी खडखडतं?

तू विचारलंयस, गाण्यातली ती मधली शांत जागा किती मोजायची, चार की आठ. आणि तुमचा गिटारवाला म्हणतो, स्टेजवर एवढा वेळ गप्प बसलो तर लोकांना वाटेल आपण विसरलो, म्हणून तो तिथे गिटार वाजवणार. त्याला वाजवू देऊ नकोस गं. मी शाळेत चार यत्ता शिकले, सूरताल मला कळत नाही, पण त्या जागेबद्दल माझ्याइतकं आता कुणालाच ठाऊक नाही. आजोबांना होतं. येत्या गुरुवारी त्यांना जाऊन महिना होईल.

ते गाणं रेकॉर्ड करायला आजोबा आणि त्यांच्या बँडमधले तिघे, अशा ह्या चौघांनी एक खोली भाड्यानं घेतली होती. भिंतींना गालिचे ठोकलेले, आणि पंखा बंद, कारण त्याचा आवाज येतो. घामानं आजोबांच्या हातातली ड्रमची काठी निसटली. टक्! बाकीचे तिघे दचकून थांबले. आजोबांनी काठी उचलली आणि चौघं पुन्हा एकदम सुरू झाले. खोलीची वेळ संपत आली होती, दुसऱ्यांदा वाजवायला सवड नाही, म्हणून ते होतं तसंच छापायला गेलं.

छापायला कुठे, तर आमच्या कारखान्यात. मी तिथे तपासणीला होते. दर पन्नासातली एक रेकॉर्ड हेडफोन लावून ऐकायची, खरखर असली किंवा सुई उडी मारत असली तर सगळा गठ्ठा नापास. पंख्याखालची खुर्ची मिळायची म्हणून मला ते काम आवडायचं, आणि डबा खायला एक मैत्रीण होती, तिचं पुढे काय झालं कोण जाणे. असो. ह्यांची रेकॉर्ड लावली. काय तो धिंगाणा, आणि मधेच टक् करून सगळं गप्प! मला वाटलं, छपाई चुकली. दुसरी लावली, तीही तशीच. मी आपली इमानेइतबारे चारशे रेकॉर्डी नापास करून मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी एक केस वाढवलेला उंच माणूस तणतणत आला, कोण ती बहिरी बाई म्हणून. मी म्हटलं, बहिरी असते तर पास केल्या असत्या. तो हसला. त्या हसण्यापायी तुझी आई, आणि आईपायी तू.

पहिल्या कार्यक्रमात ह्यांनी शहाण्यासारखं सलग वाजवलं. लोकांना रेकॉर्ड पाठ होती, ते ओरडायला लागले, थांबा, थांबा! तेव्हापासून दर वेळी काठी मुद्दाम पाडायची ठरली. पण थांबायचं किती? मोजायला गेले की ते गोंधळायचे. मग मी डावीकडे तिसऱ्या रांगेत बसायचं, काठी पडली की त्यांनी माझ्याकडे बघायचं, आणि मला पुरे वाटलं की मी मान हलवायची. मान हलली की काठी वर. म्हणून सांगते, चार नाही नि आठ नाही. एकदा त्याच जागी वीज गेली, लोकांना वाटलं हाही गाण्यातलाच भाग, केवढ्या टाळ्या! एकदा माझ्या वाढदिवसाला ते तालमीत बसून राहिले, तर पुढच्या कार्यक्रमात मी रागानं मान हलवलीच नाही. सगळं सभागृह श्वास रोखून, गाणारा माझ्याकडे डोळे वटारतोय, आणि तुझे आजोबा स्टेजवरून हात जोडतायत. तुझी आई पोटात होती तेव्हा तिनं त्याच जागी लाथ मारली. पुढे चौघं म्हातारे झाले, आजोबा उशीवर बसून वाजवायचे, पण माझ्या मानेशिवाय कधी काठी उचलली नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. दवाखान्याच्या जिन्यावर तू विचारलंस, आजोबा शेवटी काही बोलले का. मी म्हटलं, झोपेत गेले. खोटं बोलले गं. त्या सकाळी त्यांनी काठी मागून घेतली, मी पिशवीतून नेलीच होती, आणि पलंगाच्या दांडीवर तेच गाणं वाजवायला लागले. नर्स म्हणाली, आजोबा, हळू, बाकीचे पेशंट नाचायला लागतील. आम्ही तिघंही हसलो. मग काठी निसटली. टक्. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अगदी स्टेजवरून पाहायचे तसं. मी मान हलवली. ते बघतच राहिले. मी पुन्हा हलवली. नर्सनं माझा खांदा धरला तेव्हाही मी मान हलवतच होते. घरी कुणाला सांगितलं नाही. जीभच उचलली नाही. शनिवारी मी डावीकडे तिसऱ्या रांगेत बसेन. काठी पाड आणि माझ्याकडे बघ. मला वेळ लागेल, गिटारवाल्याला म्हणावं, धीर धर. पण मी मान हलवीन. तू काठी उचल, चिमणे. एवढं एकदा मला बघू दे.

तुझीच,
बहिरी बाई