काळ्या मोलीचं बाळंतपण

तिप्पण्णा व्याह्यांना, आणि त्यांच्याआधी राजूबाई विहीणबाईंना, कमलनगरहून गुंडेरावाचा हात जोडून नमस्कार.

अण्णा, गुडघा कसा आहे? अफजलपूरचा ऊस काय म्हणतो? आमची स्नेहा (म्हणजे आता तुमचीच, सवयीने आमची लिहिलं गेलं) वेळेवर जेवते ना? तिचं पहिलं बाळंतपण माहेरी नको, सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात करू, असं विहीणबाईंनी फोनवर सांगितलं. जगदेवी पडली लेकीची आई, 'व्हय' म्हणाली आणि त्या दिवशी जेवली नाही. पण हे पत्र त्याबद्दल नाही. माशांबद्दल आहे.

मागच्या खेपेला जावईबापूंनी काचेची टाकी आणली, तीत दोन गोल्डफिश आणि एक काळी मोली. श्रावणातल्या पहिल्या सोमवारी टाकीत काहीतरी वळवळताना दिसलं. मी चष्मा लावून पाहिलं आणि डासांच्या अळ्या असल्याचं जाहीर केलं. (शाळेत डेंग्यूवर भाषण केल्यापासून या विषयात घरात माझा शब्द चालतो, म्हणजे चालत असे.) सगळं पाणी मोरीत ओतायला बादली आणली, तर जगदेवीने बादलीच धरली. "अळीला एवढाले डोळे असतेत व्हय? थांबा, मला बघू द्या." मग टाकीसमोर पाट टाकून अर्धा तास बसली. अळ्या पाण्याच्या वरच्या अंगाला लोंबतात, ही तर बोट दिसलं की पानाआड पळतात. शिवाय काल मोलीचं पोट टम्म होतं, आज सपाट. म्हणजे मोली बाळंत झाली होती. पोटुशी ती तुमच्याकडूनच आलेली, तेव्हा तुमची नातवंडं रीतीप्रमाणे आमच्याकडे जन्मली, असं तिने ठरवून टाकलं.

तेवढ्यात (मी अजून अळ्यांवरच बोलत होतो) गोल्डफिशने दोन पिल्लं गिळली. जगदेवीने उठून आमची नवी कोरी मच्छरदाणी कापली, पिशवी शिवली आणि पिल्लं तीत घालून पाण्यात सोडली. उरलेली मच्छरदाणी मला देत नाही, मी रोज डासांत झोपतो. बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून टाकीवर लुगडं, आवाज नको म्हणून टीव्ही बंद. ओव्याची धुरीही द्यायची होती, पण बाळंतीण पाण्यात असल्यामुळे ते राहिलं. आणि खाणं म्हणाल, तर ज्या घरात श्रावणात अंड्याचं नावसुद्धा निघत नाही, तिथे ती अंगणात तीन विटा मांडून अंडं उकडते, बलक फडक्यातून गाळून सुईच्या टोकाएवढा घालते आणि मग आंघोळ करते. दिवसातून तीनदा बलक, तीनदा आंघोळ. एकवीस पिल्लं उरली होती, एकवीसच्या एकवीस जगली.

अण्णा, तीस वर्षं संसार केला, पण या बाईची नजर एवढी बारीक आणि माया एवढी शिस्तीची आहे, हे मला आता कळलं. मला तिचं फार कौतुक वाटतं. तोंडावर म्हणायची लाज वाटते, म्हणून तुम्हाला लिहितो. कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला.

आपला,
गुंडेराव

ता. क. उदगीरच्या दवाखान्यात जाऊन जगदेवी डॉक्टरीणबाईंना भेटून, खाटसुद्धा दाबून बघून आली आहे. नवव्या महिन्यात शेजारच्या श्रीशैलची जीप आमच्याच दारात उभी राहील. सहज कळवलं.

ता. क. दुसरा. पत्र जगदेवीला वाचून दाखवलं. म्हणाली, "माशाचं एवढं कामून लिवायलाव? सरळ इचारा की." माझ्याने होईना, तेव्हा खालची ओळ तिच्या हातची आहे.

विहीणबाई, लेकीला पाठवा. उरलेली मच्छरदाणी पाळण्याला पुरायलीय, मापून बघितलाव.