नव्वद नंबरचे तेल

मी, उदेसिंग वेस्ता पावरा, वय शाळेच्या दाखल्याप्रमाणे एकाहत्तर (गुरुजींनी ते अंदाजाने लिहिले होते), धंदा जीपचालक, राहणार आंबापाडा, तालुका अक्राणी, जिल्हा नंदुरबार, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली न येता, नशापाणी न करता, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. छातीचा आजार आहे, पण डोके ठिकाणावर आहे. शहाद्याच्या वकिलांनी नमुना दिला होता. त्यात जे मावले नाही ते मी वाढवले आहे.

१. नाल्याकाठचे शेत मुलगा अजित याने घ्यावे. राहते घर नात ममता हिचे. अजित बारा वर्षे सुरतेकडे ट्रक चालवतो आहे, तो इथे परत येऊन राहील असे त्यालाही वाटत नाही. ममता नंदुरबारला नर्सिंग शिकते. तिला सुट्टीत यायला दार हवे. मामा-भाचीने यावरून वाद घालू नये.

२. बँकेत जी काही शिल्लक असेल ती सगळी ममताच्या शिक्षणासाठी.

३. पाने, जॅक, हवेचा पंप अजितला. गाडी ओढायचा टोचनाचा दोर मात्र दुसरा जीपवाला भीमसिंग याला द्यावा. त्याने धडगावच्या बाजारात माझ्या जीपचे नाव 'धुरांडी' पाडले, आणि लहान पोरेसुद्धा मला पाहून तोंडावर हात धरू लागली. हे मी विसरलेलो नाही. पण ज्या दिवशी आम्ही घाटात अडकलो होतो, त्या दिवशी पहिली आली ती त्याचीच जीप. त्याचे आभार मी एकदाही मानले नाहीत.

४. जीप अजितला. तो भंगारात द्या म्हणतो, तर द्यावी. पण जितके दिवस चालवेल तितके दिवस पुढील गोष्टी पाळाव्यात. एकदा इंजिन नव्याने बांधले, तरी ती पुन्हा तेल खाते, म्हणून रोज सकाळी पट्टी काढून तेल पाहावे. इंजिनाचे वीस-चाळीस नंबरचेच तेल टाकावे. थंडीत गाडी चालू केल्यावर तेलाचा लाल दिवा विझेपर्यंत जागची हलवू नये. मागून निळा धूर निघतो, तो निघू द्यावा. लोक हसतात, हसू द्यावे. धूर लपवायला इंजिनात जाड तेल कधीही घालू नये.

५. तेलाबद्दल एवढे का लिहितो ते आता सांगतो. हे कलम माझ्या मृत्यूनंतर अजितने पाड्यावर सगळ्यांना बसवून मोठ्याने वाचावे.

जानेवारी २००६ मध्ये माझी मुलगी यामिनी बाळंतपणाला घरी आली होती. तेव्हा जीप तीनशे किलोमीटरला लिटरभर तेल पीत होती. मागे बसलेल्या बाया पदर नाकाला लावायच्या आणि पुढच्या वेळी भीमसिंगच्या गाडीत बसायच्या. यामिनीच्या सासरची माणसे तिला सोडायला आली, तीही खोकत उतरली. मला फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी शहाद्याला सुमेरमल शेठच्या ऑइलच्या दुकानात गेलो. वीस वर्षे मी तेल त्याच्याकडूनच घेत होतो. त्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "उदेसिंगभाऊ, जुनी गाडी शे, तेल पिईच. पिऊ दे. रोज पट्टी पाही घे, कमी व्हयनं का भर. इंजिनन्या रिंगा बदलाले जमी तव्हय बदल."

मी म्हटले, "धूर बंद व्हईल असं काही?"

"जाड तेल टाकं तं धूर कमी दिखी. पन थंडीमा ते वर चढाव नही, इंजिन कोरडं फिरी. उन्हाळामा पाहू."

मी वीस-चाळीसचा डबा घेतला. मग गिअरचे नव्वद नंबरचे तेलही मागितले. त्याने विचारले, "हे कशाले?" मी म्हटले, "गिअरबॉक्सकरता." तो माझ्याकडे पाहत राहिला. "इंजिनमा टाकू नको हो," म्हणाला, आणि दिले.

घरी येऊन मी ते इंजिनात ओतले. खरेच, धूर बंद झाला. चार दिवस मी मान वर करून गाडी चालवली.

पाचव्या दिवशी उजाडताना यामिनीला कळा सुरू झाल्या. बाहेर दंव गोठून गवत पांढरे झाले होते. जीप चालू केली. लाल दिवा जाईना. माझ्या बायकोने, रुखमाबाईने, इतकी वर्षे शेजारी बसून तो दिवा पाहिलेला होता. आमच्या बोलीत ती म्हणाली ते मराठीत लिहितो. "थांब जरा, तो विझू दे."

मागून यामिनी म्हणाली, "बा, चल ना. बा, चल."

मी निघालो. दिवा तसाच लाल होता आणि मी चढाला गाडी दामटली. तिसऱ्या वळणावर इंजिन खटखटू लागले, चौथ्यावर जाम झाले. फोनला रेंज नव्हती. मी खालच्या पाड्याकडे धावत गेलो, तिथे गाडी नव्हती, परत आलो. तोवर रुखमाबाईने मागच्या सीटवर बाळ मोकळे केले होते. ते बाळ म्हणजे ममता. यामिनीचे रक्त थांबत नव्हते. भीमसिंग आला तेव्हा ऊन चांगले वर आले होते. म्हसावदच्या अलीकडे तिने माझा हात सोडला.

तिसऱ्या दिवशी अंगणात सगळे बसले होते. जावई गोकुळने विचारले, "गाडी जाम कशी झाली?" रुखमाबाई माझ्याकडे पाहत होती. मी म्हणालो, "शेठने भेसळीचे तेल दिले."

एवढेच बोललो. पुढचे लोकांनी केले. डोंगरातल्या एकाही गाडीने त्याच्याकडून पुन्हा तेल घेतले नाही. कोणीतरी दुकानाची पाटी फोडली. पंधरा दिवसांनी तो एकटा पाड्यावर आला, बाळासाठी झबली-टोपडी घेऊन. रुखमाबाईने ते गाठोडे अंगणात फेकले. त्याने माझ्याकडे पाहिले. मी कोंबड्यांकडे पाहत राहिलो. त्याने गाठोडे उचलले, झटकले आणि उतरून गेला. दोन वर्षांत दुकान बंद झाले. २०१४ साली तो वारला. रुखमाबाई सहा वर्षांपूर्वी गेली, तीही त्यालाच शिव्या देत.

मीही कदाचित असाच गेलो असतो. पण गेल्या महिन्यात ममता मला छातीच्या तपासणीसाठी शहाद्याला घेऊन गेली. बंद दुकानासमोर ती थांबली. "आजा, हेच ना ते? यांच्यामुळेच माझी आई गेली ना?" मी मान हलवली. ती पायरीवर थुंकली. वर गॅलरीत सुमेरमलची बायको हुलासबाई उभी होती. तिने सगळे पाहिले.

तीन दिवसांनी मी तिच्याकडे गेलो आणि वर लिहिले ते सगळे सांगितले. तिने मला बस म्हटले नाही. शेवटी नवऱ्याबद्दल म्हणाली, "त्यासले माहीत व्हतं. तू गिअरनं तेल लई गया व्हता ना. त्या म्हनेत, उदेसिंगनी पोर गयी, कोनावर तरी दोष टाकाशिवाय तो जगाव नही. मन्हावर टाकू दे."

मला वाटले होते, सांगितल्यावर छाती हलकी होईल. तसे झाले नाही. उलट आता हे कळले आहे की तो एवढी वर्षे माझ्यासाठी गप्प बसला होता, आणि मी त्याच्यासमोर कोंबड्या पाहत होतो. ज्याची माफी मागायची तो नाही. जिला खरे सांगायचे होते ती बायको नाही. यामिनीला तर मी काय सांगणार?

तरी लिहून ठेवतो. सुमेरमल शेठने मला चांगले तेल दिले आणि चांगला सल्ला दिला. यामिनीच्या मृत्यूला मी कारण आहे, दुसरे कोणी नाही.

६. माझ्या दिवसकार्यात कोणी माझे गुणगान करू नये.

हुलासबाईंना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही, म्हणून त्यांना साक्षीदार होण्याची विनंती केली आणि त्या वकिलांकडे आल्या. वरील मजकूर मी दोन्ही साक्षीदारांसमोर वाचून दाखवला, आणि तो खरा असल्याबद्दल त्यांच्यादेखत सही करीत आहे.

ठिकाण : शहादा
दिनांक : ९ डिसेंबर २०२५

(सही) उदेसिंग वेस्ता पावरा

साक्षीदार :

१. (सही) रूपचंद चुनीलाल पाटील, निवृत्त पोस्टमन, म्हसावद

२. (सही) हुलासबाई सुमेरमल जैन, शहादा
नातीला तुम्ही जिवंत असतानाच सांगा, असे मी यांना तीनदा म्हटले. हिंमत होत नाही म्हणाले. ममता खाली रिक्षात बसून यांची वाट पाहत आहे. तरी सही करीत आहे.