जायफळच्या गळ्यातला दोरा

दिवेआगर,
१२ मे २०२६

तीर्थस्वरूप कोकिळावहिनींना नेत्राचा नमस्कार.

तुम्ही सगळे खुशाल असाल. असालच, तुमच्या मिक्सरचा आवाज रोज ऐकू येतो. मध्ये फक्त एक गडगा असताना धाकटी जाऊ पत्र कशाला लिहिते, असं वाटेल. पण सहा वर्षं न बोलल्यावर तोंडाने सुरुवात कुठून करायची, तेच मला कळत नाही.

बातमी अशी, की माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. रविवारी आमचा जीवन मला मुंबईला न्यायला येतोय. डॉक्टर महिनाभर म्हणतात. माझं होईल काहीतरी, काळजी जायफळची आहे. सूनबाईंना मांजराच्या केसांनी शिंका येतात, म्हणून तिला इथेच ठेवायचं. मग काय, मुलीसाठी स्थळं बघावीत तशी मी माणसं बघायला लागले.

पहिली साक्षी, कोपऱ्यावरच्या होमस्टेमधली. महागाचा खाऊ घेऊन आली, दहा फोटो काढले. जायफळ तिच्याकडे पाठ करून बसली. मग सुपारी सोलायला येणाऱ्या वेणूबाई. त्या म्हणाल्या, "मांजर न्हाय ही, सासू हाय! बघतेय कशी बघा. मला न्हाय जमायचं." आणि जाता जाता, "पन दुपारची जेवते कुठं ही? पोट तर टम्म हाय."

झालं, मला चैन पडेना. खरंच, अकरा ते चार ही बाई असते कुठे? येते ती मिशांना ताकाचा वास घेऊन. परवा मी तिच्या गळ्यात लाल दोरा बांधला. कोण खायला घालतंय त्याला कळू दे, ही कुणाची तरी आहे. संध्याकाळी बघते तर दोरा दोन बोटं सैल केलेला, आणि गाठ माझी नव्हती. केळीच्या पानांची जुडी बांधताना सासूबाई घालायच्या ती, एक टोक ओढलं की सुटणारी. ती त्यांनी आपल्या दोघींनाच शिकवली होती.

वहिनी, मी मांजर मांडीवर घेऊन कितीतरी वेळ पायरीवर बसले. तुम्ही तिला हाक काय मारता? ताकभात देता की नुसतं ताक? ती तुमच्याकडेही पाय पसरून झोपते का? मला सगळं जाणून घ्यायचंय.

आणि एक. सहा वर्षांपूर्वीच्या वादळात तुमच्या घरावर एक कौल राहिलं नाही. आमच्यावर स्लॅब होता. तुम्ही दोन महिने शाळेच्या खोलीत काढलेत. वाडीच्या वाटणीवरून आपलं फाटलं, असं मी लोकांना सांगत आले. ते अर्धंच खरं आहे. तुम्ही भिजलेली गादी उचलून माझ्या अंगणातून गेलात, आणि मी दारात उभी राहून "आत या" म्हटलं नाही. मला त्याची फार लाज वाटते.

उद्या जायफळला दोऱ्याशिवाय पाठवते. सांभाळणार असाल तर तुमच्या हाताने बांधा. नाही बांधलात तर मी समजेन. बांधलात, आणि मी परत आले नाही, तर ती तुमचीच.

पाकिटात माझ्या घराची चावी आहे. ती मांजरासाठी नाही, तिला खिडकी पुरते. पावसाळा तोंडावर आलाय. यंदा आभाळ फिरलं, तर कुणाच्या बोलावण्याची वाट बघू नका.

सहा वर्षं उशिरा "आत या" म्हणणारी,
नेत्रा