वेलदोड्यातला सोंड्या आणि त्याचं लेबल

कांचियार,
सोमवार, १९ जानेवारी

आदरणीय पोथन अच्चायन यांस,

तुमच्या मेव्हण्याकडून, म्हणजे कुरुविळाकडून, प्रभूची स्तुती आणि नमस्कार. तुमचा गुडघा, अम्मच्चींचं कंबरेचं हाड आणि रबराचा चीक हे तिन्ही आपापल्या जागी ठीक असावेत. (अम्मच्ची आता काठीशिवाय चर्चपर्यंत जातात असं वर्कीच्या भाच्याकडून कळलं. फार आनंद झाला. आनंदाबरोबर हाही विचार आला, की मग त्यांच्या लेकीला, माझ्या शोशाम्माला, तिथे नेमकं काय काम उरलं असावं. पण तो विचार मी बाजूला ठेवला आहे.) आज तिला तुमच्याकडे, पाला गावी, येऊन सत्त्याहत्तर दिवस झाले. अकरा आठवडे म्हटलं तरी चाललं असतं, पण मला ढोबळ बोलायची सवय नाही. फोन केला तर ती फोन अम्मच्चींकडे देते, अम्मच्ची तुमच्याकडे देतात आणि तुम्ही रबराच्या भावावर येता. म्हणून हे पत्र.

इकडची मुख्य बातमी अशी, की माझा सोंड्या किडा जगात कुणालाच ठाऊक नव्हता हे सिद्ध झालं. बंगळुरूच्या कीटकतज्ज्ञ डॉ. वनमालाबाईंचं पत्र आलं आहे. तांदळात होतो त्या सोंड्याचा हा लांबचा भाऊ. लांबी तीन मिलिमीटरला किंचित कमी, सोंड खाली वळलेली, पाठीवर दोन फिकट ठिपके. वेलदोड्याच्या बोंडाला बारीक भोक पाडून आतलं बी खातो. दहावी नापास माणसानं, शेजारच्या चष्मेवाल्याकडून घेतलेल्या भिंगातून हे ठिपके मोजले, आणि बाईंनी त्यांच्या मोठ्या यंत्राखाली मोजले तेव्हाही ते दोनच भरले. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, नोंद म्हणून सांगतो. रविवारी, २ नोव्हेंबरला, चर्चमधली मिसा संपल्यावर फादरनी सूचनांमध्ये या शोधाबद्दल माझं नाव घेतलं होतं (विहिरीच्या वर्गणीनंतर आणि हरवलेल्या छत्रीच्या आधी), ते तुमच्या कानावर आलंच असेल. दुसऱ्या दिवशी शोशाम्मा अम्मच्चींची सेवा करायला निघाली. इस्त्री करून, चार साड्या घेऊन.

आता ती का गेली याबद्दल गावात जे बोललं जातं ते मी जाणतो. अम्मच्चींनी तिला लग्नात दिलेला पांढरा मुंडू मी दिव्यामागे टांगला, हे खरं आहे. पतंग बसायला पांढरं कापड लागतं, आणि घरात तेवढं लांब, तेवढं पांढरं दुसरं काही नव्हतं. त्यावर पिवळट डाग पडले, हेही खरं. पण ती विष्ठा नव्हती. कोशातून बाहेर आलेला पतंग पहिल्यांदा जो साठलेला द्रव सोडतो, तो होता, आणि हे मी तिला चित्र काढून समजावलं. (आता वाटतं, चित्र काढायला नको होतं.) लोणच्याच्या मोठ्या बरणीत चाळीस पोखरलेली बोंडं ठेवली, त्यातून अकरा सोंडे निघाले आणि झाकणाचं फडकं सैल असल्यानं नऊच उरले, हा दुसरा आरोप. ते दोन कुठे गेले ते मला अजून माहीत नाही. तुमच्याकडे पाठवलेल्या वेलदोड्यात एखादा आढळला तर कृपया चिरडू नये, काडेपेटीत ठेवून कळवावं.

चहाच्या टपरीवर वर्की मला सोडत नाही. "काय कुरुविळा चेट्टा, लोक किडा दिसला की औषध मारतात. तुम्ही त्याला नाव ठेवायला निघालात. बारसं कधी?" मी म्हटलं, नाव बाई ठेवतील, शास्त्राला धरून. तर म्हणतो, "वहिनींचं नाव द्या, खूश होऊन परत येतील." अच्चायन, मी यावर खरोखर दोन दिवस विचार केला. पण पीक पोखरणाऱ्या किड्याला बायकोचं नाव देऊन तिचा रुसवा गेल्याचं एकही उदाहरण मला आढळलं नाही.

नमुने पोस्टात दिले तेव्हाची गोष्ट. खिडकीत एलियाम्मा होती. आत काय, तर किडे. "जिवंत?" मेलेले. "कशानं मेले?" मी सविस्तर सांगू लागलो, तर तिनं हात वर केला. "राहू दे, चेट्टा, मला जेवायचंय. पार्सल परत आलं तर दुपारी घरी घ्यायला कोण असेल?" मी भिंतीवरचं दरपत्रक वाचू लागलो. तिनं पुन्हा विचारलं नाही, 'शेजारी द्यावे' असं स्वतःच लिहिलं.

बाकी माझं उत्तम. कांजी करतो. एकाच्या मापाची कांजी होत नाही असा माझा अनुभव आहे. तांदूळ कितीही कमी घ्या, दोघांची होते. तापमान आणि पाऊस दिवसातून तीनदा लिहितो. परवा वहीत पाहिलं तर तीनही नोंदींच्या पुढे 'विशेष काही नाही' असं आठवडाभर लिहिलेलं.

अम्मच्चींना नमस्कार. घरातल्या सर्वांना यथायोग्य.

आपला,
कुरुविळा

ता. क. मुख्य काम राहिलंच. बाईंना महिनाअखेरीपर्यंत लेबलाचा पक्का मजकूर हवा आहे: गाव, झाड, तारीख, आणि किडा प्रत्यक्ष कुणी टिपला त्याचं नाव. हे एकदा छापलं की शंभर वर्षं तसंच राहतं. तेव्हा शोशाम्माला सहज विचारा, त्या दिवशी ती निवडत होती ती बोंडं कोणत्या वाफ्यातली, आणि तारीख कोणती.

ता. क. २. तुम्ही विचाराल, तिला कशाला विचारायचं. कारण सोंड्या तिला सापडला. सुपात वेलदोडे निवडत होती. म्हणाली, "अहो, हे बघा, तुमच्यातलं कुणीतरी आलंय." मी वहीतून मान वर न करता म्हटलं, नेहमीचाच असेल. तिनं तो साखरेच्या डब्याच्या झाकणात ठेवला आणि वर वाटी उपडी घातली. मी चार दिवसांनी पाहिला. लेबलावर मात्र माझं नाव लिहिलं, आणि फादरनाही तेच सांगितलं. त्या रविवारी ती बायकांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर होती. मुंडूचं मी उगाच एवढं लांबवलं. ते लेबल मी काल फाडलं. नव्यावर 'टिपला: शोशाम्मा कुरुविळा' असं लिहून बाईंना पाठवलं आहे. फादरनाही सांगितलं. येत्या रविवारी ते दुरुस्ती वाचणार आहेत, पण ऐकायला ती असली तर बरं.

ता. क. ३. तारीख माझ्या वहीत आहे. २३ सप्टेंबर, मंगळवार, दुपारी चार, विहिरीकडचा वाफा. बाईंनाही कळवली आहे. तरी तुम्ही तिला विचाराच. आणि तिला आठवत नाही म्हणाली, तर वाफा दाखवायला तिला इथे यावं लागेल असं सांगा.